झाकणामागच्या पाच ओळी

९ जानेवारी, गुरुवार

चि. मास्तरणीस,

आशीर्वाद आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी तेवढा पोचेल.

अक्षर ओळखलं नसशील. माझं अक्षर तू पाहिलंस ते प्रगतिपुस्तकावरच्या सहीपुरतं. पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, वय वर्षं चौसष्ट. चौथीत शाळा सुटली आणि पत्रलेखन पाचवीला होतं. पत्ता तुझ्या आईने दिला. देताना म्हणाली, "पाठवणार असाल तर देते. नुसता खिशात घालून फिरणार असाल तर नको."

परवा तू रेडिओवर होतीस. मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये रेडिओ दिवसभर चालू असतो हे तुला माहीत आहे. भट्टीच्या बाजूला, त्याच फळीवर, तोच रेडिओ. मी दुरुस्तीला आलेल्या एका विजेच्या मोटारीच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून, मूठ कानाशी धरून बेअरिंग ऐकत बसलो होतो. तेवढ्यात फळीवरून तुझा आवाज आला. अठरा वर्षं मी तुझे दोनच शब्द ऐकतोय. फोन मी उचलला की, "आईला द्या." पण आवाज ओळखायला दोन शब्द पुष्कळ होतात. मी हात वर करून मोटार बंद करायला सांगितली. आपले चष्मेवाले काका वाइंडिंगची तांब्याची तार भरता भरता म्हणाले, "काय झालं, गेलं वाटतं बेअरिंग?" मी म्हटलं, "गप बसा हो, पोरगी बोलतेय."

मुलाखत घेणारा विचारत होता, शाळेतल्या मुलांना कविता करायला शिकवता येते का. तू म्हणालीस, येते, पोहायला शिकवतात तशी, आधी कमरेएवढ्या पाण्यात. मग ती पाच ओळींची रीत सांगितलीस. पहिल्या ओळीत एक शब्द, वस्तूचं नाव. दुसरीत दोन, ती कशी आहे. तिसरीत तीन, ती काय काय करते. चौथीत चार, ती बघून आपल्या मनात काय येतं. आणि पाचवीत पुन्हा एकच, तिचं दुसरं नाव, आपण ठेवलेलं. वर तुझ्या चौथीतल्या बाईंचा नियम. चार ओळी झाल्या की पेन्सिल खाली ठेवायची, उठायचं, जाऊन ती वस्तू पुन्हा एकदा नीट बघायची, आणि मगच पाचवी लिहायची. "पाचवी ओळ आठवून लिहायची नाही, बघून लिहायची." काका म्हणाले, "ही तर आपली कॉइल झाली की! फेरे वाढत जातात आणि शेवटचं टोक एकटंच बाहेर येतं."

त्या माणसाने मग विचारलं, तुमची लहानपणची पहिली वही असेल ना जपून ठेवलेली? तू म्हणालीस, "नाही. ती हरवली. त्यातली एक ओळही उरली नाही."

माझा कान तुला ठाऊक आहे. "ती" आणि "हरवली" या दोन शब्दांच्या मध्ये तू एक श्वास घेतलास. ऐकणाऱ्या बाकी कुणाला कळला नसेल. मोटार बिघडायच्या आधी असाच एक ठोका गाळते, तो मला कळतो, म्हणून तर कचऱ्यातलं तांबं वेचणाऱ्या माणसाचं स्वतःचं वर्कशॉप झालं.

तर पत्राचं कारण एवढंच. वही हरवली याचं मलाही वाईट वाटतं. आणि तू "हरवली" म्हणालीस, याबद्दल तुझे आभार मानायचे आहेत. का, ते पुढे कधीतरी. आज हात दुखायला लागला.

तुझा बाबा

ता. क. काका विचारतायत, मोटारीवर कविता करायची तर चौथ्या ओळीत काय घालायचं? ते म्हणतात, मोटार बघून माझ्या मनात फक्त दुसरी मोटार येते.


१९ जानेवारी, रविवार

चि. मास्तरणीस,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. जळकी मोटार काही बटण दाबल्याबरोबर फिरत नाही.

तुला एक बातमी द्यायची आहे. ती कळण्यासाठी तुझं जुनं काम आठव. चौथीत होतीस तेव्हा शाळेतून आल्यावर तू वर्कशॉपमध्ये यायचीस. काका भरून झालेल्या मोटारीचा हिशेब सांगायचे: छत्तीस खाचा, बेचाळीस फेरे, बावीस नंबरची तार. तू तो तुझ्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहायचीस, माथ्याला वार आणि तारीख घालायचीस, आणि जिथे वायरी जोडतात त्या डबीच्या झाकणाला ती आतून चिकटवून वर वार्निशचा हात मारायचीस. पुढे कधी मोटार जळाली तर उघडणाऱ्याला कळावं, आत काय भरलंय. ही पद्धत माझी. लोक हसायचे, म्हणायचे, याच्या मोटारी पोटात पत्रिका घेऊन हिंडतात.

त्यातल्या एका चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तू पाच ओळी लिहिल्या होत्यास, हे मला तेव्हाच माहीत झालं होतं. कसं, ते आज नको. पण रेडिओ ऐकल्यापासून मी विचार करत होतो, एकाच चिठ्ठीमागे कशाला? तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू चपला एकदाच उलट्या घातल्या नाहीस, वर्षभर उलट्याच घातल्यास. जिने एकीच्या मागे लिहिलं तिने सगळ्यांच्या मागे लिहिलं असणार. आणि चिठ्ठीची हिशेबाची बाजू बाहेर, म्हणजे कवितेची बाजू झाकणाला चिकटलेली. सव्वीस वर्षं कुणाला दिसायचं कारणच नाही.

तुझ्या आईला विचारलं. ती डाळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मग? चांगली झालेली प्रत्येक कविता ती चिठ्ठीमागे उतरवायची. म्हणायची, माझ्या कविता गावभर फिरतात."

"मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

जुनं कामाचं रजिस्टर काढलं. त्या वर्षी तुझ्या चिठ्ठीच्या एकशे चार मोटारी बाहेर पडल्या. त्यातल्या किती भंगारात गेल्या, किती दुसऱ्याने उघडून चिठ्ठी फेकून दिली, देव जाणे. पण माझं भरलेलं वाइंडिंग आहे, म्हटलं चार-दोन तरी जिवंत असतील.

पहिला गेलो पिठाच्या गिरणीवाल्याकडे. तो म्हणाला, "मोटार झकास चाललीय, तुम्हाला कुणी बोलावलं?"

"झाकण उघडून बघायचंय."

"सव्वीस वर्षांनी?"

"आतली चिठ्ठी हवीय मला."

"अहो, गिऱ्हाईक उभं आहे. बंद कशी करू? त्यांना काय सांगू?"

"सांगा, बिघाड आहे."

"बिघाड नाहीये पण!"

"माझ्यात आहे. करा बंद."

थिनरचा बोळा फिरवून फिरवून चिठ्ठी सोडवली. हिशेब नव्या चिठ्ठीवर उतरवून तिच्या जागी लावला, तेवढा धर्म पाळला. मग जुनी चिठ्ठी उलटी केली. ही घे:

गिरणी
पांढरी, गोंगाटी
गिळते, दळते, ओकते
तिच्याशी बोलताना ओरडावं लागतं
आजी

मी तिथेच पिठाच्या डब्यावर बसून हसलो. गिरणीवाल्याने खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, "आजी कोण?"

"माझी आई. ठार बहिरी होती."

"मग बरोबर आहे," म्हणाला, आणि गिऱ्हाइकालाही वाचून दाखवली. ओरडून, कारण तोवर गिरणी पुन्हा सुरू झाली होती.

आणि मला एक आठवलं. एकदा तू आजीसमोर येऊन दहा मिनिटं नुसती तिच्याकडे बघत उभी राहिली होतीस. आजीने मला हाक मारून सांगितलं, "ही माझ्याकडे अशी काय बघतेय रे? मी गेले की काय?" तेव्हा मी तुला पिटाळलं होतं. तू पाचवी ओळ बघायला आली होतीस, हे मला परवा गिरणीत कळलं.

एक ओळही उरली नाही असं तू म्हणालीस. पाच उरल्या आहेत. बाकीच्या शोधतो.

तुझा बाबा


४ फेब्रुवारी, मंगळवार

चि. मास्तरणीस,

आजवर नऊ झाल्या.

रोज दुपारी काकांवर वर्कशॉप टाकतो आणि स्कूटर काढतो. गावात आता माझी कीर्ती झाली आहे. लॉन्ड्रीवाली बाई मला बघून आतूनच ओरडली, "आले झाकणवाले!" तिच्या कपडे धुवायच्या मशीनमागे तुझी साबणावरची निघाली. ती तिने मला द्यायला नकार दिला. म्हणाली, माझ्या मोटारीतली आहे, म्हणजे माझी. शेवटी मी तिला माझ्या अक्षरात नक्कल करून दिली, तेव्हा सुटली. नक्कल तिने इस्त्रीच्या टेबलावर काचेखाली ठेवली आहे.

बऱ्याच ठिकाणी हात हलवत परत येतो. सुतार वारला, त्याची करवत विकली गेली. बर्फवाल्याने मोटार दुसरीकडे भरून घेतली होती. भरणाऱ्याने चिठ्ठी तर फेकलीच, वर तार एक नंबर बारीक घातली. मी ती कानानेच ओळखली, पण बोललो नाही. आजकाल दुसऱ्याच्या चुका सांगायला तोंड उघडत नाही, स्वतःच्या आधी पडतात बाहेर.

दवाखान्याच्या गच्चीवरच्या टाकीला पाणी चढवणारा पंप अजून आपलाच आहे. तिथला वॉचमन विजेरी धरून उभा राहिला आणि मी जिन्याखाली पोटावर झोपून झाकण काढलं.

पंप
बुटका, हट्टी
ओढतो, ढकलतो, खोकतो
पाणी वर, हा खालीच
हमाल

वॉचमनने विजेरी जवळ आणून चिठ्ठी पुन्हा वाचली. मग म्हणाला, "हे पंपावरच आहे ना?" मी म्हटलं हो. तो म्हणाला, "मला वाटलं, माझ्यावर आहे."

दहा वर्षांची होतीस तू तेव्हा. मी सहावं इंद्रिय, सातवं इंद्रिय म्हणून स्वतःच्या कानाची टिमकी वाजवत हिंडायचो. आणि माझ्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात, उलट्या चपला घालून बसलेल्या पोरीला त्या पंपाचं जे ऐकू येत होतं, ते मला आलं नाही.

रात्री जेवताना तुझी आई म्हणाली, "पत्रात खरं लिहिलंत का?"

"लिहितोय. हळूहळू."

"सव्वीस वर्षं हळूहळूच चाललंय," ती म्हणाली आणि ताटं उचलून गेली.

हे पत्र इथेच थांबवतो. उद्या सकाळी दुसरं लिहितो.

बाबा


५ फेब्रुवारी, बुधवार

मास्तरीण,

आज चि. नाही, आशीर्वाद नाही. ते देण्याच्या जागी मी आज बसलेलो नाही.

त्या वर्षी मोठ्या कारखान्याचं काम आपल्याला मिळालं होतं. एका वेळी चाळीस मोटारी. त्यातली एक आठच दिवसांत परत आली आणि बरोबर कारखान्याचे साहेब स्वतः आले. काकांनी सगळ्यांसमोर झाकण उघडलं. ती एकच चिठ्ठी तू घाईत उलटी चिकटवली होतीस. हिशेब झाकणाकडे, कविता बाहेर, वर चकचकीत वार्निश. साहेबांनी ती मोठ्याने वाचली:

साहेब
इस्त्रीचे, घामट
येतात, बघतात, ओरडतात
चहा पिताना घड्याळ बघतात
भोंगा

हातात त्यांच्या कप होता. दुसऱ्या हाताला घड्याळ होतं. आधी काका हसले, मग कारागीर, आणि शेवटी त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर हसला. ते त्यांना सहन झालं नाही. "मोटारी भरता की कविता?" एवढं म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी सगळं काम परत नेलं.

तू शाळेत होतीस. तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही टेबलावर पडली होती. जुनं वाइंडिंग जाळायला भट्टी पेटलेली होती.

मी ती वही भट्टीत टाकली.

रागाच्या भरात टाकली असं लिहिणार होतो. पण भट्टीचं दार तुला माहीत आहे. आधी अडसर काढायचा, मग हातमोजे घालायचे, मग दोन्ही हातांनी दार ओढायचं. एवढ्यात राग शांत व्हायला भरपूर वेळ होता. काका म्हणाले, "साहेबांना भोंगा म्हणाली त्यात खोटं काय आहे? राहू द्या." ते मला नीट ऐकू आलं. माझा कान तेव्हाही चांगलाच होता.

संध्याकाळी तू सगळीकडे शोधलंस. बाकाखाली, तारेच्या रिळांमागे. मग मला विचारलंस, "बाबा, माझी वही पाहिलीत?" आणि मी मान खाली घालून म्हणालो, "हरवली असेल."

तो शब्द माझा आहे. सव्वीस वर्षांनी तू रेडिओवर, सगळ्या जगासमोर, तोच वापरलास. "जाळली" म्हणाली असतीस तर कुणी अडवणार होतं का? तू एक श्वास घेतलास, तेव्हाच मला कळलं की तुला ठाऊक आहे, आणि तरी बापाची खोटी बाजू सांभाळलीस. त्या श्वासाचे आभार मानायला मी पहिलं पत्र लिहायला बसलो, आणि तिथेही पुन्हा खोटंच लिहिलं, की वही "हरवली" याचं वाईट वाटतं.

आणि आठ वर्षांनी तू शिक्षिकेच्या कोर्सला निघालीस तेव्हा म्हणालो, "गेलीस तर परत यायची घाई करू नकोस." तू घाई केली नाहीस. आयुष्यात माझं तेवढं एकच ऐकलंस.

माफी मागायचा मला सराव नाही. चुकत असेल तर तू शिक्षिका आहेस, लाल पेनने खुणा कर.

बाबा


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चि. मास्तरणीस,

परवा फोन वाजला. मी उचलला. तू म्हणालीस, "बाबा, आईला द्या." तीन शब्द झाले. म्हणजे दुसऱ्या ओळीवरून आपण तिसरीवर आलो. मी फोन देऊन बाहेर जाऊन उभा राहिलो. तुझ्या आईने नंतर विचारलं, काय झालं? मी म्हटलं, डोळ्यात वार्निश गेलं. ती म्हणाली, "आज सुट्टी आहे, कुठलं वार्निश?"

मागचं पत्र टाकल्यावर मी तिला सांगितलं, लिहिलं बाई सगळं, वही मी जाळली तेही. पोरीला ते आधीच कुठून कळलं होतं, कोण जाणे. तर ती उठली, कपाटातून तिची बांगड्यांची डबी काढली आणि माझ्या तळहातावर दोन काळ्या पडलेल्या पिना ठेवल्या. वहीच्या मधल्या.

"त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती राखेतलं तांबं निवडत होती," म्हणाली. "त्यात या निघाल्या. माझ्याकडे घेऊन आली. मला म्हणाली, आई, मला कळलंय हे बाबांना सांगू नकोस. त्यांना लाज वाटेल."

दहा वर्षांची पोर. स्वतःची वही राखेत बघते आणि बापाची लाज झाकते. मास्तरीण, मी पुष्कळ लोकांकडून पुष्कळ काही घेतलं. ज्याने पहिली तार हातात दिली त्याचे उपकार आहेत, काकांचे आहेत, तुझ्या आईचे तर विचारूच नकोस. पण त्या दिवसापासून आजपर्यंत मी ताठ मानेने वर्कशॉपमध्ये बसलो तो तुझ्या गप्प बसण्याच्या जिवावर, आणि मला वाटत होतं, माझ्याच जिवावर.

आता शेवटच्या चिठ्ठीबद्दल.

दहा झाल्या होत्या. रजिस्टर संपलं होतं. काका चष्मा पुसत म्हणाले, "गाव पालथं घातलंत. आपल्या भट्टीच्या पंख्याची मोटार कुणी भरली होती?"

मी मागे वळून वर पाहिलं. घरची मोटार रजिस्टरमध्ये कशाला चढेल? भट्टीला वारा घालणारा तो पंखा, माझ्या पाठीमागे तीन हातांवर, इतकी वर्षं रोज गुणगुणतोय. काकांनीच शिडी धरली. झाकण उघडलं. तुझं अक्षर. माथ्याला मंगळवार लिहिलेला. वही मी जाळली ती त्याच आठवड्यात, शुक्रवारी. म्हणजे भट्टीला वारा घालत होता तो हाच पंखा, पोटात ही चिठ्ठी घेऊन.

बाबा
काळे हात
ऐकतात, ओळखतात, हसतात
मोटारीचं ऐकतात, माझंही ऐकतील

पाचवी ओळ नाही. भट्टीच्या धगीने चिठ्ठीची खालची कड करपून गेली आहे. भिंगातून बघितलं, उजेडासमोर धरून बघितलं. एका उभ्या रेघेचा ठिपका दिसतो, तो कुठल्याही अक्षराचा असू शकेल.

काका म्हणाले, "मालक असेल."

तुझी आई म्हणाली, "एवढी साधी पोरगी होय ती?"

मग काका हळूच म्हणाले, "भोंगा?" आणि शिडी सोडून बाजूला झाले.

मी निळ्या पुठ्ठ्याची वही केली आहे. अकरा चिठ्ठ्या, एकेका पानावर एकेक. शिवायला त्याच दोन पिना वापरल्या, तापवून सरळ केल्या, पुन्हा वाकवल्या. हे काम मला येतं. वही या पत्राबरोबर पाठवतोय. शेवटच्या पानावर चार ओळी आहेत आणि खाली जागा सोडली आहे.

त्या मंगळवारी तू पाचव्या ओळीत मला काय म्हणाली होतीस, एवढं लिहून पाठव. गोड असावं असा माझा हट्ट नाही. भोंगा असला तरी चालेल. चौथ्या ओळीत तू "ऐकतील" म्हणालीस आणि तीनच दिवसांत मी काय केलं ते मला माहीत आहे. पण त्याच्या आधी, मंगळवारपर्यंत, मी कुणाचा तरी कोण होतो. त्याचं नाव मला हवंय.

तुझा बाबा


१४ मार्च, शुक्रवार

चि. मास्तरणीस,

हे पत्र पेटीत टाकून उपयोग नाही, तू त्याच्या आधी पोचशील. पण आता हाताला सवय लागली आहे. उद्या तुझ्याच हातात देईन.

तुझं कार्ड काल आलं. मी वर्कशॉपमध्ये होतो, पोस्टमनने भट्टीपाशी आणून दिलं. पत्र म्हणावं तर त्यात पाचच शब्द.

"पाचवी बघून लिहावी लागेल."

आणि त्याखाली एकटाच:

"शनिवारी."

काकांनी माझ्या हातातून घेऊन बोटांवर मोजलं. म्हणाले, "वर चार, खाली एक. पोरगी नियमाने चालते हो." मग चष्मा काढून उगाचच पुसायला लागले. मला म्हणाले, तुमच्यासारखंच माझ्याही डोळ्यात वार्निश गेलं.

घरात कालपासून धांदल आहे. तुझ्या आईने पडदे धुतले, मग धुतलेले पडदे पुन्हा धुतले. नातीसाठी खालच्या बाजेवर गादी घातली आहे. तिला मी अजून पाहिलेलं नाही. ती चपला कशा घालते ते विचारायचं राहिलं. उलट्या घालत असेल तर सरळ करू नकोस. लॉन्ड्रीवाल्या बाईला कुठून कळलं कोण जाणे, ती म्हणाली साबणवाली पोरगी येणार असेल तर मला दाखवायला आणा. गिरणीवाल्याने निरोप धाडलाय, बिघाड गेला का?

मी वर्कशॉपमध्ये झाडलोट केली, तुझं बाकडं पुसलं. भट्टी उद्या पेटवणार नाही. पंखा मात्र चालू ठेवणार आहे, तुला ऐकवायचा आहे. सव्वीस वर्षांनी बेअरिंग जरा कुरकुरतंय, पण ठोका गाळत नाही. चिठ्ठीच्या जागी मी नवी चिठ्ठी लावली नाही. झाकण उघडंच ठेवलंय.

आता एकच प्रश्न राहिला आहे. आंघोळीचं पाणी तापलंय आणि तुझी आई साबण, घासणी आणि रॉकेलचा बोळा घेऊन दारात उभी आहे. म्हणतेय, "अठरा वर्षांनी लेक येतेय, उद्यासाठी ते हात घासून पांढरे करा."

मी म्हटलं, "नाही करणार. दुसरी ओळ चुकेल."

तुझा बाबा